घरच्या अ‍ॅक्वापोनिक्समध्ये पंप आणि पाण्याचा मेळ: चढवायचं एकदाच, बाकी उतार

गच्चीवर किंवा अंगणात मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवायला घेतली की सगळं लक्ष माशांच्या जातीकडे आणि रोपांकडे जातं. पहिलं मोठं नुकसान मात्र सहसा पाण्यामुळे होतं. पंप चालू ठेवून माणूस झोपतो आणि सकाळी माशांची टाकी रिकामी, गच्ची ओली. पंप बिघडलेला नसतो, जोडणी चुकलेली असते. म्हणून खरेदीला निघण्याआधी पाणी कुठून कुठे जाणार आणि वीज गेल्यावर कुठे थांबणार, हे कागदावर काढा.

या लेखात एक ठरावीक मांडणी धरली आहे: माशांच्या टाकीत ४०० लिटर पाणी, निळे प्लास्टिकचे २०० लिटरचे दोन ड्रम उभे कापून केलेले चार वाफे आणि सगळ्यात खाली ३०० लिटरची टाकी. तुमची मापं वेगळी असली तरी हिशोब हाच.

१. पंप एकच ठेवा

नव्या माणसाला दोन पंप सोपे वाटतात. एक माशांच्या टाकीतून वाफ्यात पाणी चढवेल, दुसरा खालच्या टाकीतून परत माशांकडे आणेल. हे कधीच जुळत नाही. एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले दोन पंपसुद्धा तंतोतंत सारखं पाणी देत नाहीत. तासाला फक्त २० लिटरचा फरक असला तरी दिवसाला ४८० लिटर होतात, म्हणजे माशांची अख्खी टाकी. व्हॉल्व्हने आज जुळवलं तरी आठवड्याने एका पंपाच्या जाळीत शेवाळ अडकतं आणि गणित पुन्हा बिघडतं.

त्यामुळे पाणी एकाच ठिकाणी चढवायचं आणि बाकी सगळीकडे उताराने येऊ द्यायचं. पंप खालच्या टाकीत (प्लंबर तिला संप म्हणतात). तिथून पाणी माशांच्या टाकीत जातं. ती भरलेलीच असते, म्हणून जेवढं आत येतं तेवढंच ओव्हरफ्लोच्या पाइपातून वाफ्यांकडे निघतं. वाफे भरले की सायफनने (पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप सगळं ओढून काढणारा पाइप) खालच्या टाकीत रिकामे होतात. या मांडणीत माशांच्या टाकीची पातळी कायम एकच राहते. कुठे गळती झाली, वाफा तुंबला, तरी कमी होतं ते खालच्या टाकीतलं पाणी. पंप कोरडा पडेल, पण मासे पाण्यात राहतील. सगळ्या मांडणीतली सर्वात मोलाची गोष्ट हीच आहे.

२. सामान

- माशांसाठी ५०० लिटरची टाकी, झाकणासह
- खालची टाकी ३०० लिटरची, बसकी. लॉफ्टवर ठेवायला मिळते तशी, ४० ते ४५ सेंमी उंच
- २०० लिटरचे दोन निळे ड्रम. आधी खाद्यपदार्थ भरलेले असतील तेच घ्या, रसायनांचे नकोत
- बुडता पंप: लेबलवर तासाला २,५०० लिटर आणि कमाल हेड (पाणी चढवण्याची कमाल उंची) २.५ मीटर, साधारण ४० वॅट
- वेगळा एअर पंप, दोन एअर स्टोन, हवेच्या नळीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह
- एक इंची पाइप (पंपापासून वर), दोन इंची पाइप (ओव्हरफ्लोला), पाऊण इंची पाइप (सायफनला)
- प्लास्टिकचे बॉल व्हॉल्व्ह: वाफ्यांसाठी चार, बायपाससाठी (पंपाचं जादा पाणी परत खालच्या टाकीत सोडणारी फांदी) एक
- टँक कनेक्टर, टी, एल्बो, युनियन, टेफ्लॉन टेप
- १२ ते २० मिमीची खडी, सुमारे ४०० लिटर
- पाणसळ, २० लिटरची बादली, १ लिटरचं माप, मार्कर

पितळी व्हॉल्व्ह आणि जीआयचे फिटिंग वापरू नका. पितळेतलं तांबं आणि जीआयच्या मुलाम्यातलं जस्त हळूहळू पाण्यात उतरतं आणि दोन्ही माशांना विषारी ठरतात.

खडी महाराष्ट्रात सहज मिळणारी काळी चालते. ती बेसाल्टची असते आणि पाण्याचा सामू (पीएच) बदलत नाही. शंका असेल तर खड्यावर व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुना आहे, ती खडी परत पाठवा. चांगली खडीसुद्धा कच निघून पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. चार-पाच वेळा धुवावी लागते आणि कंटाळा येतो, पण इथे राहिलेली कच पुढे सायफनमध्येच सापडते.

३. उंची ठरवा, आणि त्याआधी वजन

पाणी उताराने यायचं तर प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा खाली हवा. जमिनीपासूनच्या उंची अशा धरा:

- खालची टाकी जमिनीवर
- वाफ्याचा तळ ६० सेंमीवर, काठ ९० सेंमीवर
- माशांच्या टाकीतली पाण्याची पातळी ११० सेंमीवर. म्हणजे ७० सेंमी पाण्यासाठी टाकी ४० सेंमी उंच भरीव ओट्यावर
- माशांच्या टाकीत पडणाऱ्या पाइपाचं तोंड १२५ सेंमीवर

गच्चीवर करणार असाल तर आधी वजन. १ मीटर खोल पाणी दर चौरस मीटरला १,००० किलो भार टाकतं. खडी आणि पाण्याने भरलेला एक अर्धा ड्रम २०० किलोच्या आसपास जातो. ही मांडणी एकूण दीड टनाच्या घरात आहे. वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार मात्र दर चौरस मीटरला साधारण १५० किलोच आहे. माशांची टाकी स्लॅबच्या मध्यावर कधीच नको, ती बीमवर किंवा कॉलमच्या डोक्यावर हवी. बीम कुठून जातो ते स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवून घ्या. अंगण असेल तर अंगणातच करा.

४. खालच्या टाकीचा हिशोब

इथे घाई केली की पुढे रोज पाणी सांडतं, म्हणून सावकाश वाचा.

अर्ध्या ड्रममध्ये १०० लिटर खडी बसते. वरचे ५ सेंमी कोरडे ठेवायचे (तिथे पाणी आलं की शेवाळ धरतं आणि खोड कुजतं), म्हणजे भिजणारा भाग जास्तीत जास्त ८५ लिटर धरा. खडीत पोकळी ४० टक्के. एका वाफ्यात मावणारं पाणी साधारण ३५ लिटर, चारांत १४०.

सायफन आपापल्या वेळेने चालतात. कधी एकच वाफा भरलेला असेल, कधी चारही. चारही भरले की खालच्या टाकीतून १४० लिटर वर गेलेले असतात, चारही रिकामे झाले की ते सगळे परत येतात. शिवाय वीज गेली की माशांच्या टाकीतलं ओव्हरफ्लोच्या काठावरचं दोनेक सेंमी पाणी आणि पाइपातलं पाणीही खाली उतरतं. ते १५ लिटर धरा.

सर्वात वाईट वेळीसुद्धा पंप बुडालेला हवा. टाकीचा तळ ०.७५ चौरस मीटर असेल तर १२ सेंमी पाणी म्हणजे ९० लिटर. ९० + १४० + १५ = २४५. ३०० लिटरच्या टाकीत वर ५५ लिटर मोकळे राहतात. ही जागा वाया गेलेली नाही, ती पावसासाठी आणि चुकीसाठी आहे. २०० लिटरची टाकी स्वस्त पडते म्हणून घेतली तर एक तर पंप कोरडा चालेल, नाही तर टाकी वाहील. तिसरं काही होणार नाही.

५. पंपाच्या लेबलवरचा आकडा आणि खरं पाणी

लेबलवर '२,५०० लिटर, २.५ मीटर' असं असतं. याचा अर्थ हा पंप २.५ मीटर उंचीवर तासाला २,५०० लिटर देईल असा नाही. २,५०० हे शून्य उंचीवर, आणि २.५ मीटरवर पाणी शून्य. मधलं साधारण उतरत्या रेषेत धरा.

आपली चढण खालच्या टाकीतल्या सर्वात कमी पातळीपासून पाइपाच्या तोंडापर्यंत मोजायची: १२५ वजा १२, म्हणजे सुमारे १.१ मीटर. तिथे या पंपाचं पाणी १,४०० लिटर. एल्बो आणि पाइपाच्या घर्षणाचे २० टक्के वजा केले की १,१०० उरतात.

गरज किती? माशांच्या टाकीतलं पाणी तासाला किमान एकदा बदललं पाहिजे, म्हणजे ४००. पण ४०० चार वाफ्यांत वाटले तर प्रत्येकाला १०० येतात आणि एवढ्या बारीक धारेवर पाऊण इंची सायफन सुरूच होत नाही. वाफ्याला २०० हवेत, एकूण ८००. उरलेले ३०० बायपासने परत खालच्या टाकीत सोडायचे. ते पाणी वरून पडताना हवाही मिसळते.

पंपाच्या तोंडाचा पाइप अर्धा इंची करू नका. पंपाबरोबर मिळणारं छोटं नोझल लावून पुढे बारीक नळी जोडली की निम्मं पाणी घर्षणातच जातं. एक इंची पाइप, शक्य तेवढे कमी एल्बो, आणि पंपाजवळ एक युनियन, म्हणजे साफ करायला पंप सहज निघेल.

जोडणी झाल्यावर लेबलवर विश्वास न ठेवता मोजा. माशांच्या टाकीत पडणारी धार २० लिटरच्या बादलीत धरा. ९० सेकंदांत बादली भरली तर तासाला ८०० लिटर. वाफ्याच्या तोंडाशी १ लिटरचं माप १८ सेकंदांत भरलं तर २०० लिटर.

विजेचं सांगायचं तर ४० वॅटचा पंप २४ तास चालला की दिवसाला ०.९६ युनिट, महिन्याला साधारण २९.

६. माशांच्या टाकीचा ओव्हरफ्लो

मळ तळाशी बसतो, म्हणून पाणी तळातूनच उचलायचं. दोन इंची पाइप तळापासून २ ते ३ सेंमी वर ठेवा, खालच्या टोकाला मासा शिरणार नाही अशा खाचा पाडा, वर ११० सेंमीच्या पातळीला टी लावून आडवा पाइप टाकीबाहेर काढा.

टीचं वरचं तोंड उघडंच ठेवा. ते टोपी लावून बंद केलं की हाच पाइप सायफन होतो आणि सगळी टाकी तळापर्यंत उपसून काढतो. पाणी पडल्याचा आवाज येतो म्हणून घरातलं कुणी प्रेमाने टोपी लावून टाकतं. टीवर मार्करने 'बंद करू नये' असं लिहून ठेवा.

दुसरा धोका याच्या उलट दिशेने येतो. पंपाकडून येणाऱ्या पाइपाचं तोंड माशांच्या पाण्यात बुडवलं आणि वीज गेली, तर पाणी त्याच पाइपातून मागे पंपामधून खालच्या टाकीत उतरतं. तोंड पाण्याच्या वर १५ सेंमी ठेवा. आवाज नको म्हणून बुडवायचंच असेल तर पाण्याच्या पातळीच्या वरच्या भागात पाइपाला ४ मिमीचं भोक पाडा. पंप थांबला की त्यातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका. त्यात एक बारीक काडी अडकली तरी तो पूर्ण बसत नाही.

७. वाफ्यांत सारखं वाटप

ओव्हरफ्लोचा दोन इंची पाइप वाफ्यांच्या डोक्यावरून आडवा न्या आणि त्याला पाणसळ लावा. एक टोक सेंटिमीटरभर खाली असलं तरी त्या टोकाचा वाफा पाणी ओढून घेतो. प्रत्येक वाफ्याला एक बॉल व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह शक्यतो निम्म्यापेक्षा जास्त उघडे ठेवा. जेमतेम उघडलेल्या व्हॉल्व्हमध्ये माशांचा मळ चार दिवसांत अडकतो. एकूण पाणी कमी-जास्त करायचं ते बायपासने, हे व्हॉल्व्ह फक्त चौघांत समान वाटणीसाठी. आठवड्यातून एकदा एकेक व्हॉल्व्ह अर्धा मिनिट पूर्ण उघडून मळ वाहू द्या, मग खुणेवर परत आणा. खूण दांडीवर मार्करने करा.

८. बेल सायफन बसवणं आणि वठणीवर आणणं

ड्रमच्या सर्वात खोल भागात टँक कनेक्टर. त्यात पाऊण इंची उभा पाइप, खडीच्या पृष्ठापासून ५ सेंमी खाली संपणारा. त्याच्या डोक्यावर दीड इंचीवरून पाऊण इंचीवर येणारा रिड्यूसर नरसाळ्यासारखा उलटा बसवा. पाणी काठावरून एकदम आत पडतं आणि पाइप भरून वाहतो, सायफन धरायला तेवढंच हवं असतं. त्यावर तीन इंची पाइपाची घंटा, वरून टोपीने बंद, खालच्या काठाला २ सेंमी उंचीच्या तीन-चार खाचा. बाहेरून चार इंची जाळीदार पाइप, खडी आणि मुळं दूर ठेवायला.

वाफ्याखाली पाइपाला एक एल्बो द्या. तिथे पाणी क्षणभर अडतं आणि आतली हवा ढकलली जाते. शेवटचं तोंड खालच्या टाकीच्या पाण्यात बुडता कामा नये.

आता व्हॉल्व्ह सोडून वाफ्याशेजारी घड्याळ घेऊन बसा. ठीक चालणारा सायफन असा दिसतो: १० मिनिटं काहीच होत नाही, मग खालच्या तोंडातून करंगळीएवढी धार, मग एकदम गडगड आणि पूर्ण पाइपभर पाणी. दोन-तीन मिनिटांत वाफा उतरतो, शेवटी घंटेतून हवा ओढल्याचा फुर्र आवाज येतो आणि पाणी थांबतं.

न जमण्याचे दोनच प्रकार आहेत.

*धार लागते पण सायफन धरत नाही.* जेवढं येतं तेवढंच उभ्या पाइपातून झिरपत राहतं, वाफा भरलेलाच राहतो, मुळांना हवा मिळत नाही. बायपास थोडा बंद करून पाणी वाढवा, २५० पर्यंत न्या. तरी नाही जमलं तर घंटेची टोपी तपासा. तिला केसाएवढी फट असली तरी हवा शिरते.

*सायफन सुटतच नाही.* वाफा तळाशीच राहतो आणि पाणी आल्या पावली जातं. प्रवाह कमी करा. उपयोग झाला नाही तर घंटेच्या टोपीत ६ मिमीची नळी घट्ट बसवून ती बाहेरून खाली आणा आणि खाचेच्या वरच्या काठापाशी संपवा. पातळी तिथवर आली की नळी हवा ओढते आणि सायफन तुटतो.

महिना-दोन महिन्यांनी चांगला चाललेला सायफन अचानक बिघडला तर रचनेला हात लावू नका. आधी जाळीदार पाइप उचलून मुळं काढा. पुदिना आणि टोमॅटोची मुळं सर्वात आधी तिथे पोहोचतात.

९. हवा आणि वीज

एअर पंप पाण्याच्या पंपावर अवलंबून ठेवू नका. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली नको. पहाटे तो सर्वात कमी असतो. म्हणून वीज वाचवायला रात्री पंप बंद ठेवायची कल्पना सोडून द्या. सुरुवातीला ४०० लिटरमध्ये ४ किलोपेक्षा जास्त मासे नकोत, म्हणजे वीज गेल्यावर हाताशी वेळ राहतो.

लोडशेडिंग असलेल्या भागात आधी एअर पंप बॅटरीवर घ्या. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी ५ वॅटचा डीसी एअर पंप ८ तास सहज चालवते. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर पाण्याचा पंप त्यावर घुमतो आणि तापतो, साइन वेव्हचा हवा. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाही तर वीज गेल्यावर पाणी नळीतून त्याच्यात उतरतं.

या सगळ्या जोडणीला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळात गळेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

१०. मासे सोडण्याआधीची चाचणी

४८ तास नुसत्या पाण्यावर चालवा. खालच्या टाकीत आतून मार्करने दोन रेघा मारा: दिसलेली सर्वात वरची पातळी आणि सर्वात खालची. पुढे रोजची तपासणी म्हणजे या दोन रेघांवर एक नजर.

मग मेन स्विच बंद करा आणि अर्धा तास थांबा. माशांची टाकी ओव्हरफ्लोच्या खाली गेली का? खालची टाकी वाहिली का? दोन्हीचं उत्तर नाही आलं पाहिजे. पुन्हा चालू करा, सगळे सायफन आपोआप लयीत येतात का ते पाहा. ही चाचणी तीनदा करा, एकदा चारही वाफे भरलेले असताना.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. मासे सोडण्याआधी ते २४ तास उघडं राहू द्या. खडीत जिवाणू बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर पाणी फिरतं ठेवा आणि अमोनिया, नायट्राइट तपासत राहा.

११. ऋतूंप्रमाणे

उन्हाळ्यात पाणी रोज घटतं. खालच्या टाकीला बॉल कॉक लावून मोकळं व्हायचा मोह होतो, पण इथे त्याचा घात होतो. या टाकीची पातळी दर काही मिनिटांनी खाली-वर होते. कॉक वरच्या रेघेवर लावला तर वाफे भरताना तो दर वेळी नवं पाणी सोडतो आणि वाफे रिकामे झाले की टाकी वाहते, वर क्लोरीनचं पाणी थेट आत. लावायचाच तर सर्वात खालच्या रेघेवर, आणि साठवून ठेवलेल्या पाण्यावर. हाताने भरणं जास्त सुरक्षित आहे. चारही वाफे उतरलेले असताना वरच्या रेघेपर्यंत भरा.

पावसाळ्यात उलटं. १ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. चार वाफ्यांचं तोंड मिळून साधारण २ चौरस मीटर, तेव्हा कोकणात किंवा मुंबईत सहज पडणाऱ्या १०० मिमीच्या दिवशी २०० लिटर आत येतात आणि आपली मोकळी जागा ५५ लिटरचीच आहे. वरच्या रेघेच्या दोन बोटं वर ओव्हरफ्लोचं भोक पाडून पाइप गच्चीच्या पन्हाळीकडे न्या, आणि जून ते सप्टेंबर वाफ्यांवर पारदर्शक पत्रा किंवा प्लास्टिक टाका. पावसाचं पाणी मृदू असतं. ते खूप मिसळलं की सामू घसरतो, त्यामुळे पावसाळ्यात तो आठवड्यातून दोनदा तपासा.

१२. पंपाची निगा

पंपाला स्पंज बांधू नका, तो दोन दिवसांत तुंबतो आणि पंप आतून तापतो. त्याऐवजी पंप जाळीच्या प्लास्टिक टोपलीत ठेवा. टोपली आठवड्याला धुवायची, पण माशांच्या पाण्यानेच. महिन्याला पंप उघडून इम्पेलर (आतलं फिरतं पातं) काढा आणि जुन्या टूथब्रशने त्याचा चिकट थर घासा. बोअरचं पाणी असेल तर पांढरा क्षार धरतो. इम्पेलर अर्धा तास लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवून धुऊन घ्या. नंतर बादलीची चाचणी पुन्हा करा आणि सेकंद टाकीच्या झाकणावर तारखेसह लिहा. ९० सेकंदांची बादली ११० वर गेली असेल तर पंप, जाळी किंवा पाइप यांपैकी काहीतरी तुंबत चाललं आहे.

एक जादा पंप घरात असू द्या, जुळणाऱ्या युनियनसह. पंप बंद पडतो तो हमखास रविवारी संध्याकाळी, दुकानं बंद झाल्यावर.